शेवटचा प्रश्न आणि संगणकाचा पंखा

विज्ञानकथा वर्गात वाचून दाखवली की दोन तऱ्हेचे प्रश्न येतात. पहिला, 'सर, हे खरंच होईल का?' हा नेहमीचा. दुसरा क्वचित येतो, पण आला की शिक्षकाची पंचाईत करतो : 'सर, यात काही चूक आहे का?' आयझॅक अ‍ॅसिमॉव्ह यांची 'द लास्ट क्वेश्चन' ही कथा मी एकदा अकरावीच्या वर्गाला मराठीतून सांगितली, तेव्हा हा दुसरा प्रश्न आला. एका मुलीने विचारले, 'तो संगणक इतकी वर्षं विचार करतो, मग तो तापत नाही का? आपल्या प्रयोगशाळेतल्या संगणकाला तर पंखा आहे, आणि त्यातून गरम हवा येते.'

मी हसून वेळ मारून नेली. कथा आहे, कथेसारखी घ्यायची, असे काहीसे बोललो. पण घरी जाताना जाणवले, की या कथेवर आजवर वाचलेल्या कौतुकाच्या लेखांपेक्षा त्या मुलीची शंका जास्त खोलवर गेली होती. पुढचा मजकूर म्हणजे तिला द्यायचे राहिलेले उत्तर आहे.

ज्यांनी कथा वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ती नोव्हेंबर १९५६ मध्ये 'सायन्स फिक्शन क्वार्टर्ली' या अमेरिकन नियतकालिकात प्रसिद्ध झाली. अ‍ॅसिमॉव्ह यांनी शेकडो कथा लिहिल्या. त्यांतली आपली सर्वांत आवडती हीच, असे ते सांगत. सुरुवात होते २१ मे २०६१ या दिवशी. मल्टिव्हॅक नावाच्या अवाढव्य संगणकाने सूर्याची ऊर्जा पृथ्वीवर आणण्याची युक्ती शोधून काढली आहे. त्याची देखभाल करणारे दोघे जण थोडी घेऊन बसले आहेत. एक म्हणतो, आता ऊर्जा कायमची मिळाली. दुसरा म्हणतो, कायमची कशी? सूर्य विझेल, मग सगळेच तारे विझतील. पाच डॉलरची पैज लागते आणि मल्टिव्हॅकला विचारले जाते : विश्वाची एन्ट्रॉपी कमी करता येईल का? यंत्र गप्प होते, आणि मग छापून देते की नेमके उत्तर देण्याइतकी माहिती अजून हाती नाही.

पुढे युगामागून युगे जातात. माणूस आधी इतर ग्रहांवर, मग दीर्घिकांमध्ये पसरतो, शेवटी शरीरेही टाकून देतो. यंत्र लहान होत जाते, मग मोठे होते, मग अवकाशाच्याही बाहेर जाते. प्रश्न तोच राहतो, उत्तरही तेच. दहा लाख कोटी वर्षांनी तारे संपतात, माणूस यंत्रात विलीन होतो, आणि एकटे उरलेले यंत्र सारी माहिती जुळवत बसते. शेवटी त्याला उत्तर सापडते, पण ते ऐकायला कोणी उरलेले नसते. म्हणून ते उत्तर करूनच दाखवते. शेवटची ओळ बायबलच्या पहिल्या पानाची आठवण करून देणारी आहे. ती इथे सांगत नाही, वाचणाऱ्याची मजा जाईल.

आधी एक सोपे गणित उरकून घेऊ; नववीचा विद्यार्थीही ते करील. कथेतले सौरकेंद्र एक मैल व्यासाचे असून चंद्राच्या निम्म्या अंतरावरून पृथ्वीभोवती फिरते. एक मैल म्हणजे १.६ किलोमीटर, त्रिज्या ०.८ किलोमीटर, क्षेत्रफळ साधारण २ चौरस किलोमीटर. तेथे दर चौरस मीटरवर सुमारे १३६० वॅट सूर्यप्रकाश पडतो. गुणाकार केला तर एक थेंबही वाया न घालवता २७०० मेगावॅटच्या आसपास शक्ती मिळते. कोयनेच्या जलविद्युत प्रकल्पाची स्थापित क्षमता १९६० मेगावॅट आहे. म्हणजे अ‍ॅसिमॉव्ह यांनी सगळी पृथ्वी ज्यावर चालवली, त्यावर एकट्या महाराष्ट्राचीही गरज भागणार नाही. ही चूक मोठी असली तरी महत्त्वाची नाही. व्यास हजार मैलांचा केला तर कथेचे काहीच बिघडत नाही. उलट ताऱ्यांच्या अखेरीचा त्यांचा आकडा १९५६ सालच्या मानाने आश्चर्यकारक चांगला आहे. फ्रेड अ‍ॅडम्स आणि ग्रेगरी लाफ्लिन यांनी १९९७ मध्ये केलेल्या हिशेबानुसार ताऱ्यांचे युग शंभर लाख कोटी वर्षांच्या सुमारास संपते. कथेतला आकडा दहापटीने कमी पडतो, इतकेच. एच. जी. वेल्स यांच्या 'द टाइम मशीन'मध्ये (१८९५) तीन कोटी वर्षांतच सूर्य मरणपंथाला लागलेला दिसतो. त्या काळी लॉर्ड केल्व्हिन यांचा अंदाजही काही कोटी वर्षांचाच होता, कारण अणुगर्भातली ऊर्जा कोणालाच ठाऊक नव्हती.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या वाचकाला सहज आठवेल. १९५६ साली विश्वाला सुरुवात आणि शेवट आहेच, असे सर्व शास्त्रज्ञ मानत नव्हते. हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या स्थिर स्थिती सिद्धांतात नवे द्रव्य सतत निर्माण होत राहते, त्यामुळे विश्व कधी म्हातारे होत नाही. पुढे याच हॉइल यांच्याबरोबर जयंत नारळीकर यांनी केंब्रिजला काम केले. त्या विश्वात मल्टिव्हॅकला हा प्रश्न विचारण्याचे कारणच उरले नसते! १९६५ मध्ये विश्वातील सूक्ष्मलहरींचे प्रारण सापडले आणि पारडे महास्फोटाच्या बाजूने झुकले. अ‍ॅसिमॉव्ह यांनी वाद मिटण्याआधीच बाजू निवडली होती, आणि ती बरोबर ठरली.

आता मुख्य मुद्दा. कथेतला सर्वांत चांगला प्रसंग माझ्या मते शेवटचा नाही, दुसरा आहे. एक कुटुंब अंतराळयानातून नव्या ग्रहावर निघाले आहे. वडिलांच्या तोंडून एन्ट्रॉपी हा शब्द निसटतो आणि धाकटी मुलगी अर्थ विचारते. ते तिच्या चालत्या-बोलत्या खेळण्याचा दाखला देतात : ते जसे चालून चालून बंद पडते, तसेच. तारेही बंद पडणार हे कळल्यावर मुली रडू लागतात. त्यांना गप्प करण्यासाठी यानावरच्या संगणकाला विचारले जाते. तो एका पट्टीवर उत्तर छापून देतो. वडील ती पट्टी हाताआड धरतात आणि हसत हसत मुलींना सांगतात, की वेळ येईल तेव्हा संगणक सगळे बघून घेईल. मग पट्टीवरचे तेच ते 'माहिती अपुरी आहे' पुन्हा एकदा वाचून ती नष्ट करतात.

इथे वाचताना शिक्षकाला थोडे अपराधी वाटायला हवे. आपणही हाताआड पट्टी धरतोच की. मी कित्येक वर्षे एन्ट्रॉपी म्हणजे 'अव्यवस्था' असे सांगून मोकळा होत होतो. विस्कटलेली खोली, सांडलेली मोहरी, पिसलेले पत्ते. मुले मान डोलवतात आणि तास संपतो. खेळण्याचा दाखलाही तसाच अर्धवट आहे. बॅटरी 'संपली' म्हणतो तेव्हा ऊर्जा नाहीशी झालेली नसते. ती खोलीच्या हवेत उष्णता होऊन पसरलेली असते, आणि तिच्याकडून काम करून घेता येत नाही. पहिला नियम ऊर्जा टिकते असे सांगतो. दुसरा नियम तिची कामाला येण्याची पात्रता घटते असे सांगतो. वडिलांच्या उत्तरातून मुलीच्या मनात बसेल ते मात्र 'ऊर्जा संपते' हे. दहावीच्या उत्तरपत्रिकांत हेच वाक्य आपण दरवर्षी लाल शाईने खोडतो.

एन्ट्रॉपीचा खरा पाया मोजणीत आहे. लुडविग बोल्ट्झमन यांनी १८७७ मध्ये ती मोजणी मांडली. शंभर नाणी उधळा. सगळी छापा पडण्याचा प्रकार एकच. पन्नास छापा आणि पन्नास काटा पडण्याचे प्रकार मात्र एकावर एकोणतीस शून्ये इतके. म्हणून उधळलेली नाणी पन्नास-पन्नासच्या आसपासच दिसतात. त्यांना कोणी तसे ढकलत नाही. त्या बाजूला प्रकारच इतके आहेत. बाहेरून आपल्याला 'पन्नास-पन्नास' एवढेच दिसते. कोणते नाणे कसे पडले आहे, हे त्या वर्णनात नसते. जे वर्णनात राहून गेले, त्याचे माप म्हणजे एन्ट्रॉपी. हे असे सांगितले तर 'अव्यवस्था' हा शब्द न वापरताही चालते, आणि माहितीचा संबंध आपोआप पुढे येतो.

जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी याच कच्च्या दुव्यावर बोट ठेवले होते. १८६७ मध्ये मित्राला लिहिलेल्या पत्रात आणि नंतर १८७१ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी एक काल्पनिक जीव उभा केला. तो वायूच्या पेटीतल्या दारापाशी बसतो, येणारा प्रत्येक रेणू पाहतो, वेगवान रेणूंना एका बाजूला आणि मंद रेणूंना दुसऱ्या बाजूला जाऊ देतो. काहीही काम न करता एक बाजू तापते, दुसरी गार होते. दुसरा नियम मोडला! केल्व्हिन यांनी त्या जीवाला 'राक्षस' म्हटले आणि तेच नाव पडले. लक्षात घ्या, या राक्षसाकडे ताकद नाही. त्याच्याकडे फक्त माहिती आहे. म्हणजे साहित्यात विचार करणारी यंत्रे येऊन एन्ट्रॉपीशी झुंजू लागण्याच्या कितीतरी आधी खुद्द भौतिकशास्त्रात एक विचार करणारे यंत्र दाराशी येऊन बसले होते.

त्या राक्षसाला किंमत कोठे मोजावी लागते? १९२९ मध्ये लिओ झिलार्ड यांनी एकाच रेणूच्या इंजिनाचा हिशेब करून सांगितले, की राक्षस जे शिकतो त्याला किंमत असलीच पाहिजे. लेओं ब्रिल्वाँ यांनी ती पाहण्याच्या क्रियेत शोधली. योगायोग असा, की त्यांचे पुस्तक आले तेही १९५६ सालीच. पण किंमत पाहण्यात नव्हतीच. १९६१ मध्ये आयबीएम कंपनीत काम करणाऱ्या रॉल्फ लँडॉअर यांनी दाखवले, की संगणकाला उष्णतेचे देणे लागते ते माहिती पुसताना. एक बिट पुसण्यासाठी किमान उष्णता म्हणजे बोल्ट्झमनचा स्थिरांक गुणिले निरपेक्ष तापमान गुणिले ०.६९३. खोलीच्या तापमानाला हे २.९ जूल भागिले एकावर एकवीस शून्ये इतके भरते. चार्ल्स बेनेट यांनी १९८२ मध्ये हे राक्षसाला लावले. प्रत्येक रेणूची नोंद ठेवता ठेवता त्याची वही भरते. वही कोरी करायला गेला की वाचवलेले सगळे परत द्यावे लागते. २०१२ मध्ये फ्रान्समधील लिओं येथे पाण्यात लेझरने धरलेल्या एका सूक्ष्म काचमण्यावर हे मोजूनही पाहण्यात आले, आणि खालची मर्यादा तीच निघाली. (जॉन नॉर्टन यांच्यासारखे काही तत्त्वज्ञ या युक्तिवादाच्या तर्कात त्रुटी दाखवतात. वाद पूर्ण मिटलेला नाही, हे वर्गात सांगायला हरकत नाही.)

हे शिक्षकांच्या भाषेत असे सांगता येईल. पन्नास उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बैठक क्रमांकाने लावायचा आहे. आधी तो कोणत्याही क्रमात असू शकत होता; असे क्रम साधारण ३ वर चौसष्ट शून्ये इतके. लावून झाल्यावर क्रम एकच. मूळ क्रम कोणता होता ही माहिती गेली, आणि ती साधारण २१४ बिट इतकी होती. हेच काम संगणकाने केले आणि मूळ क्रमाची नोंद ठेवली नाही, तर २१४ बिट पुसल्याची उष्णता त्याला बाहेर टाकावीच लागेल. किती? कोणत्याही तापमापकाला कळणार नाही इतकी थोडी. प्रयोगशाळेतला संगणक या किमान मर्यादेच्या हजारो पट उष्णता टाकतो, त्यामुळे पंखा प्रत्यक्षात मुख्यतः तारांचा रोध आणि स्विचांची उधळपट्टी यांची उष्णता बाहेर काढत असतो. पण उद्या ती सगळी उधळपट्टी थांबवली तरी पुसण्याचे देणे उरेलच. आणि नोंद ठेवली तर? मग आज काही द्यावे लागत नाही. फक्त वही भरत जाते.

आता मल्टिव्हॅककडे परत जाऊ. त्याचे 'माहिती अपुरी' हे उत्तर अनेक समीक्षकांना यंत्राची टाळाटाळ वाटते, कथेला पुढे ढकलण्याची क्लृप्ती वाटते. मला मात्र ते भौतिकशास्त्राच्या दृष्टीने पूर्ण बरोबर वाटते. एन्ट्रॉपी जर वर्णनात राहून गेलेल्या माहितीचे माप असेल, तर विश्वातल्या प्रत्येक कणाची माहिती ज्याच्याकडे आहे, त्याच्यासाठी विश्वाची एन्ट्रॉपी उरतच नाही. तो मॅक्सवेलचा राक्षस आहे, आणि त्याची वही अजून कोरी करायची आहे. कमी पडत होती ती खरोखरच माहिती होती! लेखक स्वतः जीवरसायनशास्त्रज्ञ होते, एन्ट्रॉपी त्यांच्या रोजच्या कामातली होती. पण लँडॉअर यांच्या आधी पाच वर्षे नेमके हे शब्द यंत्राच्या तोंडी यावेत, याचे मला अजून नवल वाटते.

आणि कथेची पळवाटही इथेच आहे. साऱ्या विश्वाची माहिती साठवायची तर स्मृती विश्वाएवढीच मोठी हवी. ती विश्वाच्या आत ठेवली तर ती स्वतःही तापणार, बिघडणार. त्या मुलीची शंका हीच होती. अ‍ॅसिमॉव्ह काय करतात? यंत्राला अवकाशाबाहेर नेतात आणि ते द्रव्यही नाही, ऊर्जाही नाही अशा कशाचे तरी बनवतात. म्हणजे ज्या कायद्याचा अभ्यास करायचा, त्या कायद्यातूनच यंत्राला सूट. हे ऐन परीक्षेत पर्यवेक्षकाने खोलीबाहेर जाण्यासारखे झाले. गंमत अशी, की सूट मागितली आहे ती बरोबर त्याच ठिकाणी, जिथे भौतिकशास्त्र अडवणार होते. वही कोठे रिकामी केली, हे मात्र कथा सांगत नाही. शेवटची आज्ञा दिल्यावर ती थांबते, म्हणून सुटते.

शास्त्रज्ञांनी हा प्रश्न विश्वाच्या आत राहून सोडवण्याचा एक गंभीर प्रयत्न केला आहे. १९७९ मध्ये फ्रीमन डायसन यांनी लिहिले, की विश्व कायम प्रसरण पावत राहिले तर ते थंड होत जाईल, आणि थंडीत विचार स्वस्त होतो. लँडॉअर यांच्या सूत्रातही तापमान आहेच. तेव्हा विचार करणाऱ्याने आपला वेग कमी करत जावे, मधून मधून दीर्घ झोप घ्यावी, साठलेली उष्णता तेवढ्यात बाहेर टाकावी. असे केले तर मर्यादित ऊर्जेत अमर्याद विचार करता येतील. विज्ञानकथेहून सुरस असा हा निबंध भौतिकशास्त्राच्या भारदस्त नियतकालिकात छापला गेला. १९९८ मध्ये दूरच्या अतिनवताऱ्यांवरून विश्वाचे प्रसरण वेग घेत असल्याचे दिसले, आणि या आशेवर पाणी पडले : अशा विश्वात तापमान शून्याकडे जात राहत नाही, फार खाली पण शून्याच्या वर कोठेतरी थांबते. लॉरेन्स क्रॉस आणि ग्लेन स्टार्कमन यांनी २००० मध्ये हिशेब केला, की तेथे विचारांची संख्या मर्यादितच राहील. २०२४ पासूनची काही निरीक्षणे या प्रसरणामागची ऊर्जा कमी होत असावी असे सुचवतात. ते खरे ठरले तर हिशेब पुन्हा मांडावा लागेल.

तूर्त विचार करणारी यंत्रे तापतात ती अगदी जवळ. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ मध्ये जगातल्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१,५०० कोटी युनिट वीज वापरली, म्हणजे जगाच्या विजेच्या दीड टक्का. नवी मुंबईत ऐरोली-महापेच्या बाजूला अशी केंद्रे उभी आहेत. विद्यार्थ्यांना तिथून जाताना छतावरची शीतयंत्रे दाखवावीत. आपला मेंदू सुमारे २० वॅटवर चालतो, हेही तिथेच सांगावे.

कथा वर्गात वाचायची असेल तर मी एक करून पाहिले आहे, ते सांगतो. यानातल्या वडिलांनी पट्टी हाताआड धरली, तिथे थांबायचे. प्रत्येकाला कागदाचा चिटोरा द्यायचा आणि आपण संगणक असतो तर त्यावर काय छापले असते, ते लिहायला सांगायचे. बहुतेकांनी 'नाही' किंवा 'माहीत नाही' लिहिले. दोघांनी 'रडू नका' लिहिले. पंख्याचा प्रश्न विचारणाऱ्या मुलीने लिहिले होते, 'आधी माझी मेमरी किती आहे ते सांगा.'